मिठाच्या रस्त्यांवर गाडी गंजते कशी, आणि ती वाचवायची कशी

कॅनडात जुनी गाडी घेताना जाणकार माणूस ती किती किलोमीटर चालली हे नंतर विचारतो. आधी विचारतो, कुठे चालली. अल्बर्टा किंवा सास्काचेवानमध्ये बारा वर्षं काढलेली गाडी खालून पाहिली तर पत्रा बऱ्याचदा धड असतो. तेच मॉडेल तेवढीच वर्षं टोरांटो, मॉन्ट्रिअल किंवा हॅलिफॅक्समध्ये राहिलं असेल, तर दारांखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर सहज घुसू शकतो. आता थंडीच म्हणाल तर सास्काचेवानमध्ये ती कितीतरी कडक. उणे तीस अंश तिथे नवलाचे नाहीत. म्हणजे गाडी खाणारी थंडी नाही आणि बर्फही नाही. गाडी खातं ते मीठ. मिठाला आपलं काम करायला थोडी ऊब आणि भरपूर ओल लागते, आणि ऑन्टॅरिओ, क्यूबेक, मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क या पट्ट्यात दोन्ही मिळतात.

पुण्या-नागपुरात गाडी वापरून इकडे आलेल्याला गंजाची फारशी धास्ती नसते. रत्नागिरी-मालवणकडच्यांना थोडीफार असते, खाऱ्या वाऱ्यामुळे. पण तो वारा पत्र्यावर मीठ आणून टाकतो ते कणाकणाने. इथे दर हिवाळ्यात ते ट्रकने ओततात.

किती ओततात? कॅनडात वर्षाला साधारण ५० लाख टन, आणि अमेरिकेत दोन कोटी टनांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. हे जेवणातलं मीठच असतं, फक्त न शुद्ध केलेलं, खाणीतून काढलेलं. ऑन्टॅरिओतल्या गोडरिच गावी ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली सुमारे ५५० मीटर खोल मिठाची खाण आहे. जमिनीखालच्या मिठाच्या खाणींमध्ये जगात ती सगळ्यात मोठी मानली जाते. डेट्रॉइट शहराच्या खालीही अशीच एक खाण आहे. मोटारींची राजधानी आणि मोटारी खाणारा पदार्थ, दोन्ही एकाच पत्त्यावर. रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रयोग अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ साली केला. दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्ग वाढले, लोकांना बारा महिने काळा कोरडा रस्ता हवासा झाला, आणि मिठाचं प्रमाण वाढतच गेलं.

मिठाला नावं ठेवणंही तसं बरोबर नाही. पाणी शून्य अंशाला गोठतं, मिठाचं पाणी त्याहून खाली. मीठ आणि पाणी योग्य प्रमाणात असतील तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकतं. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे दहाच्या खाली साधं मीठ आळशी होतं, बर्फ वितळवायला फार वेळ घेतं. म्हणून जिथे थंडी खूप कडक, तिथे रस्त्यावर वाळू किंवा खडी टाकण्याकडे जास्त कल असतो. सास्काचेवानच्या गाड्या वाचतात त्याचं हे एक मोठं कारण. दुसरं म्हणजे तिथली हवा कोरडी असते. टोरांटोचा हिवाळा याच्या उलट: आज उणे आठ, परवा अधिक तीन, पुन्हा रात्री उणे पाच. प्रत्येक चढउताराला रस्त्यावर नवं मीठ पडतं आणि प्रत्येक वेळी ते वितळून गाडीच्या पोटाखाली उडतं.

अलीकडे साध्या मिठाच्या जोडीला मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइडही वापरतात, कारण ती आणखी खालच्या तापमानाला काम करतात. शिवाय हिमवादळ येण्याआधीच रस्त्यावर खारं पाणी फवारून ठेवतात. कोरड्या डांबरावर दिसणाऱ्या पांढऱ्या समांतर रेघा त्याच्याच. प्रवासी म्हणून हे चांगलं. गाडीच्या दृष्टीने मात्र वाईट, कारण द्रव मीठ खड्यांसारखं उडून पडत नाही, चिकटतं. आणि ही दोन क्लोराइडं हवेतली ओल ओढून घेतात. पावसाळ्यात बरणीतल्या खड्या मिठाला पाणी सुटतं तसंच हे. किंबहुना त्या मिठाला पाणी सुटतं ते बऱ्याच अंशी त्यात मिसळलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळेच. शुद्ध मिठाला ओलं व्हायला हवेत ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्क्यांच्या आसपास पुरते. म्हणजे तुम्हाला गाडी कोरडी झाल्यासारखी वाटते तेव्हाही तिच्या सांध्यांत ती ओलीच असू शकते.

पत्र्यात नेमकं काय होतं

लोखंड गंजतं म्हणजे त्यात एक चिमुकली बॅटरी सुरू होते. पत्र्याचा एक ठिपका इलेक्ट्रॉन सोडतो आणि तिथलं लोखंड विरघळून पाण्यात जातं. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच शेजारच्या दुसऱ्या ठिपक्याकडे जातात आणि तिथे पाणी व हवेतला ऑक्सिजन त्यांना घेतात. विरघळलेल्या लोखंडाचं पुढे ऑक्सिजनशी मिळून तांबूस चूर्ण होतं, तोच गंज. हे वर्तुळ पूर्ण व्हायला दोन ठिपक्यांमध्ये वीज वाहून नेणारं काहीतरी ओलं लागतं. साध्या पाण्यातून वीज जेमतेम जाते. मीठ घातलं की धडाक्यात जाते. वर, मिठातले क्लोराइडचे कण पत्र्यावर आपोआप बनणारा संरक्षक पापुद्रा टिकू देत नाहीत.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि माझ्या मते बाकी सगळा उपचार त्यांच्यावरच उभा आहे.

पहिली गोष्ट तापमानाची. बहुतेक रासायनिक क्रियांप्रमाणे गंजही उबेत वेगाने धावतो. दहा अंश वाढले की वेग साधारण दुप्पट, असा ढोबळ हिशेब धरतात. उणे वीस अंशांना अंगणात उभी असलेली मिठाळ गाडी जवळजवळ झोपलेली असते. तीच गाडी संध्याकाळी तापवलेल्या गॅरेजमध्ये आणली की बर्फ वितळतो, खारं पाणी प्रत्येक फटीत उतरतं आणि रात्रभर पंधरा अंशांच्या उबेत काम करत राहतं. सकाळी पुन्हा बाहेर, संध्याकाळी पुन्हा आत. गाडीला जपायचं म्हणून लोक गरम गॅरेज बांधतात आणि तिथेच ती जास्त गंजते. गॅरेज वाईट असतं असं नाही. आत आणण्याआधी गाडी खालून धुतलेली असेल, किंवा गॅरेज थंड आणि हवेशीर असेल, तर काहीच बिघडत नाही. आणि याच कारणाने खरा धोक्याचा काळ जानेवारी नसून मार्च-एप्रिल असतो: ऊन वाढलेलं, रस्त्यावर ओल, आणि चार महिन्यांचं साठलेलं मीठ अजून पत्र्याला चिकटलेलं.

दुसरी गोष्ट आकारमानाची. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दुपटीपासून अगदी सहापटीपर्यंत. त्यामुळे तो रंगाखाली तयार झाला की रंगाला फुगवतो, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये तयार झाला की ते पत्रे एकमेकांपासून उचकटतो. उचकटलेल्या जागेत आणखी पाणी शिरतं. म्हणून गंज एका सरळ चालीने पुढे जात नाही. सुरुवातीची काही वर्षं काहीच दिसत नाही आणि मग एका हिवाळ्यात फोड, पुढच्या हिवाळ्यात भोक.

गाडीचा वरचा भाग विसरा

लोक गाडीच्या बॉनेटवर मेण घासतात, दारावर पडलेला ओरखडा पाहून हळहळतात. खरं तर बाहेरच्या सपाट पत्र्याला फारसा धोका नसतो. तो पावसाने धुतला जातो, वाऱ्याने सुकतो, वरून त्यावर रंगाचे तीन-चार थर असतात. गंज धरतो तो जिथे पाणी आत जातं पण बाहेर यायची वाट अरुंद असते अशा जागी.

दारांच्या खाली गाडीच्या लांबीने एक पोकळ पेटी जाते. आपल्याकडचे गॅरेजवाले तिला रनिंग बोर्ड म्हणतात, इथे रॉकर पॅनल. जॅक तिच्याच कडेला लागतो. पुढच्या चाकाने उडवलेलं खारं पाणी थेट तिच्यावर येतं, थोडं आतही जातं. तिला तळाशी पाणी निथळायला भोकं ठेवलेली असतात, पण चिखल आणि पालापाचोळ्याने ती बुजली की पेटीत पाणी साचून राहतं. दारांचं तसंच. खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आतूनच खाली जातं, आणि दाराच्या खालच्या काठाला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो. त्या दुमडीत ओल महिनोन् महिने राहते. मागच्या चाकाच्या कमानीचा काठ, डिकीच्या दाराचा खालचा भाग, जिथे दोन पत्रे एकावर एक ठेवून वेल्डिंग केलेलं असतं ते सगळे सांधे, हीही त्याच जातीची ठिकाणं. मडगार्डच्या आत चिखलाचा जाड थर बसला की तो मीठ-पाणी धरून ठेवणारा लेपच होतो. तिथे रंग शाबूत असला तरी काही वर्षांत हार मानतो.

याखेरीज खाली इंजिनाला आणि चाकांच्या दांड्यांना धरून ठेवणारी चौकट असते, पिकअप ट्रकला तर पूर्ण चासी. आणि त्या सगळ्याच्या कडेने पेन्सिलपेक्षा बारीक असे ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाईप गेलेले असतात. पत्र्याला भोक पडलं तर गाडी कुरूप होते. ब्रेकचा पाईप फुटला तर पेडल खाली जातं. माझं म्हणणं असं की गंजाबद्दल घाबरायचंच असेल तर या पाईपांसाठी घाबरावं. अमेरिकेच्या नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनने जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ च्या ट्रक आणि एसयूव्हींच्या गंजलेल्या ब्रेक पाईपांचा बरीच वर्षं तपास केला. २०१५ साली तो बंद करताना निष्कर्ष असा निघाला की हा एखाद्या मॉडेलचा दोष नसून मीठ पडणाऱ्या राज्यांतल्या जुन्या गाड्यांचं सार्वत्रिक दुखणं आहे. मालकांना सल्ला मिळाला तो गाडी खालून धुण्याचा आणि पाईप तपासून घेण्याचा. पाईप बदलायची वेळ आलीच तर मेकॅनिकला तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे पाईप टाकायला सांगा. ते गंजत नाहीत, वाकवायलाही सोपे, आणि साध्या पोलादी पाईपापेक्षा थोडेच महाग पडतात.

कारखाना काय करून देतो

१९७० च्या दशकातल्या गाड्या या भागात चार-पाच वर्षांत आरपार सडायच्या. आजच्या तशा नाहीत. एक मोठा फरक जस्ताने केला. पोलादावर जस्ताचा पातळ थर दिला की जस्त आधी झिजतं आणि तोवर पोलाद शाबूत राहतं. ओरखड्यातून पोलाद थोडं उघडं पडलं तरी आजूबाजूचं जस्त त्याची ढाल होतं. पोर्शने ९११ या गाडीसाठी १९७० च्या दशकाच्या मध्यात जस्त चढवलेला पत्रा वापरायला घेतला, आउडीने दशकभराने आपली १०० ही गाडी पूर्ण जस्तलेपित केली, आणि हळूहळू ही पद्धत सर्वसाधारण गाड्यांपर्यंत आली. दुसरा फरक विजेच्या साहाय्याने चढवलेल्या प्रायमरचा. गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि वीज सोडतात. मग रंग पोकळ भागांच्या आतही जाऊन बसतो.

पण जस्त हे संपणारं भांडवल आहे, आणि मिठाच्या पाण्यात ते लवकर संपतं. शिवाय सगळं काही जस्तलेपित नसतं. चौकट, चासी, नट-बोल्ट, ब्रॅकेट यांना बऱ्याचदा नुसता काळा रंग असतो. टोयोटासारख्या टिकाऊपणासाठी नावाजलेल्या कंपनीवर टकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया या गाड्यांच्या गंजणाऱ्या चासींवरून अमेरिकेत खटला झाला. २०१६ साली झालेल्या तडजोडीचं मूल्य सुमारे ३.४ अब्ज डॉलरपर्यंत धरलं गेलं होतं. इंजिन पाच लाख किलोमीटर चालेल, पण ते ज्यावर बसवलंय ते टिकलं पाहिजे ना.

ॲल्युमिनियम गंजत नाही, मग त्याचीच गाडी का घेऊ नये, असं कुणी विचारतं. फोर्डने २०१५ सालच्या एफ-१५० पिकअपची बॉडी ॲल्युमिनियमची केली, पण खालची चासी पोलादीच राहिली. आणि ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नसला तरी मिठाने त्याचाही रंग फोडांसारखा उठतो, विशेषतः जिथे पोलादी स्क्रू त्याला टेकतो तिथे.

नव्या गाडीबरोबर मिळणारी गंजाची वॉरंटी नीट वाचा. ती बहुधा फक्त पत्रा आतून बाहेरपर्यंत आरपार गंजून भोक पडलं तरच लागू होते. फोड, डाग, चौकटीवरची खपली यांना ती हात लावत नाही.

तेल, मेण, रबर आणि दिवा लुकलुकणारा डबा

गाडी घेताना शोरूममधला वित्त विभागाचा माणूस तुम्हाला गंजरोधक पॅकेज विकायचा प्रयत्न करणारच. त्यात सहसा पुढीलपैकी काहीतरी असतं.

सर्वांत आधी तो डबा. बॅटरीला जोडायचा, त्यावर लहानसा दिवा, आणि पत्र्यात सूक्ष्म प्रवाह सोडून गंज रोखतो असा दावा. मूळ तत्त्व खोटं नाही. जहाजांचे तळ, जमिनीतले तेलाचे पाईप, बंदरांचे खांब यांना असंच विजेच्या मदतीने जपतात. पण जहाज समुद्रात आणि पाईप ओल्या मातीत पूर्ण बुडालेला असतो, त्यामुळे प्रवाहाला फिरून यायला वाट असते. गाडी हवेत उभी असते. तिच्यावर ओलीचे सुटे-सुटे डाग असतात, त्यांच्यात जोडणी नाही, मग प्रवाह जाणार कसा? १९९० च्या दशकात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘रस्ट इव्हेडर’ नावाच्या अशाच उपकरणाच्या दाव्यांवर कारवाई केली होती. तरी हे डबे वेगवेगळ्या नावांनी आजही विकले जातात, कधी हजार डॉलरच्या घरात. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका.

मग काळा, जाड, डांबर किंवा रबरासारखा लेप. भारतात अंडरबॉडी कोटिंग म्हणून आपण जो ओळखतो तो. अगदी नव्या कोऱ्या, स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर दिला तर त्याने खडीचा मार आणि आवाज कमी होतो. अडचण पुढे येते. काही हिवाळ्यांनी तो वाळतो, तडकतो, कडेने सुटतो, आणि मग तडीतून शिरलेलं खारं पाणी लेप आणि पत्रा यांच्या मध्ये अडकतं. वरून सगळं काळं तुकतुकीत, आत पत्रा कुरतडलेला. आधीच गंज लागलेल्या जुन्या गाडीवर हा लेप देणं तर गंजाला पांघरूण घालणंच. जुनी गाडी बघताना खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर आधी संशय घ्या. शिवाय हा लेप बाहेरून लागतो. रॉकर पॅनलच्या पोकळीत, जिथे खरी गरज, तिथे तो जातच नाही.

मेणाचे लेप याहून चांगले. स्वीडनसारख्या देशांत दारं आणि चौकटीच्या पोकळ्यांमध्ये पातळ मेण फवारण्याची जुनी परंपरा आहे. ते आत झिरपतं, मग घट्ट होतं आणि काही वर्षं टिकतं. नव्या गाडीला, नीट काम करणाऱ्या माणसाकडून, हा उत्तम उपाय आहे.

आणि शेवटी तेल. ऑन्टॅरिओ-क्यूबेकमध्ये सर्वाधिक चालतं ते हेच. क्राउन, रस्ट चेक ही इथली ओळखीची नावं. अमेरिकेच्या ईशान्य भागात मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिनपासून बनवलेले फ्लुइड फिल्मसारखे प्रकारही आवडीने वापरतात. हे तेल कधीच वाळत नाही. पातळ असल्याने सांध्यांत, दुमडीत, वेल्डिंगच्या फटीत ते स्वतःहून सरकत जातं आणि आधी असलेल्या पाण्याला बाजूला सारून पत्र्याला धरतं. थोडा गंज आधीच चढला असेल तर त्यातही मुरतं आणि त्याचा वेग मंदावतो. तोटा एकच: रस्त्यावरच्या पाण्याने ते हळूहळू धुतलं जातं, म्हणून दरवर्षी पुन्हा मारावं लागतं. वर्षाला साधारण दीडशे-दोनशे कॅनेडियन डॉलर. पहिले एक-दोन दिवस गाडीतून तेलाचे थेंब गळतात आणि वास येतो, तेव्हा शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेवर गाडी लावू नका.

हे तेल मारतात कसं ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. नळीला लांब लवचीक तोंड असतं, त्याच्या टोकाला चारी दिशांना फवारणारी जाळी. ते दाराच्या निथळभोकातून किंवा रबरी बुचातून आत घालतात आणि बाहेर ओढता ओढता फवारतात. काही ठिकाणी त्यासाठी पत्र्याला नवं भोक पाडून प्लास्टिकचं बूच लावतात. त्याआधी कंपनीची वॉरंटी काय म्हणते ते विचारून घ्या. काम चांगलं झालंय का हे ओळखायची खूण सोपी: दुसऱ्या दिवशी दारांच्या खालच्या काठातून आणि डिकीच्या दुमडीतून तेल पाझरलेलं दिसलं पाहिजे. नुसतं पोटाला तेल चोपडून पोकळ्या तशाच ठेवल्या असतील तर पैसे वाया गेले.

वेळ कोणती? मीठ पडायच्या आधी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. त्याहून आधी उन्हाळ्यात केलं तरी उत्तम, उबेत तेल जास्त खोल मुरतं. ऑक्टोबरच्या शेवटी सगळं गाव जागं होतं आणि अपॉइंटमेंट मिळत नाही. आपल्याकडे जीप-ट्रकच्या खाली जळकं ऑइल आणि डिझेल फवारायची पद्धत होती. तत्त्व तेच आहे. पण जळक्या ऑइलमध्ये आम्लं आणि अंगाला घातक घटक असतात, आणि ते ओघळून जमिनीत जातं. इकडे ते करू नका.

इलेक्ट्रिक गाडीलाही हे लागतं का? पत्रा तोच, मीठ तेच, म्हणून लागतं. फवारणाऱ्याला मात्र आधी सांगा, म्हणजे तो नारिंगी रंगाच्या, उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या केबली आणि त्यांचे जोड टाळेल. या गाड्यांचा आणखी एक प्रश्न आहे. वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते, ब्रेक क्वचित घासले जातात, त्यामुळे डिस्क आणि कॅलिपर मिठाने गंजून अडकतात. मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून जोरात ब्रेक दाबणं आणि वर्षातून एकदा ब्रेक उघडून साफ करून घेणं एवढं पुरतं. साध्या गाडीच्या डिस्कवर रात्रीतून येणारा तांबूस थर मात्र चिंतेचा नाही, तो पहिल्याच ब्रेकला पुसला जातो.

धुणं: कधी आणि कुठून

हिवाळ्यात गाडी धुवायची ती चकाकीसाठी नाही, म्हणून वरून साबण लावून समाधान मानू नका. खालून पाणी मारणारं स्वयंचलित केंद्र शोधा. तापमान शून्याच्या वर गेलेला दिवस निवडा, दहा-पंधरा दिवसांतून एकदा तरी. गरम पाण्याचा हट्ट नको. मीठ थंड पाण्यातही जवळजवळ तेवढंच विरघळतं. दारं, डिकी उघडून काठ पुसून घ्या, नाहीतर रबर गोठून दार चिकटेल. उणे पंधराला धुण्यात अर्थ नाही, कुलुपं गोठतील आणि तसाही गंज त्या दिवशी सुस्त असतो.

वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं धुणं एप्रिलमधलं, शेवटचं मीठ पावसाने वाहून गेल्यावर. त्या दिवशी बागेचा पाईप घ्या, चाकांच्या कमानींत आतून हात फिरवून चिखल काढा, दारांखालची निथळभोकं तारेने मोकळी करा, बॉनेटखाली काचेच्या पायथ्याशी साचलेली पानं उचला. तासाभराचं काम आहे आणि फुकट आहे. शोरूममधल्या कुठल्याही पॅकेजपेक्षा मी यालाच जास्त मानतो.

आतूनही मीठ येतं हे बरेच जण विसरतात. बुटांना चिकटलेला बर्फ गाडीत वितळतो, खारं पाणी गालिचाखाली जाऊन फोमात मुरतं आणि फरशीचा पत्रा वरून सडायला लागतो. उंच कडांचे रबरी मॅट घाला आणि त्यात साचलेलं पाणी वेळोवेळी ओतून टाका.

गंज लागलाच असेल तर

रंगावर पहिला फोड दिसला की तो लहान असतानाच हात घाला. पत्रा चमकेपर्यंत घासायचा, उरलेल्या खळग्यांना फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचं गंजरोधक लावायचं, मग जस्ताचा प्रायमर आणि रंग. गंजावरच रंग मारला तर पुढच्या हिवाळ्यात तो पापडासारखा उठतो. भोक पडल्यावर लांबी (पुट्टी) भरून वरून रंग देणारे खूप भेटतील. ती दुरुस्ती जेमतेम एक-दोन हिवाळे टिकते. आरपार गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं हाच खरा उपाय, आणि तो महाग आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१७ साली काढलेल्या अंदाजानुसार मिठामुळे झालेल्या गंजाच्या दुरुस्तीवर अमेरिकी वाहनचालकांनी पाच वर्षांत १५.४ अब्ज डॉलर घालवले.

प्रत्येकाने हे सगळं करायला हवं असं नाही. तीन-चार वर्षांच्या लीजवर गाडी घेतली असेल तर तेलावर खर्च करू नका. ती परत देईपर्यंत गंज दिसणारही नाही. गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल तर पहिल्याच शरद ऋतूपासून सुरुवात करा. आणि पंधरा वर्षांची गाडी आधीच पोखरलेली असेल तर तेलाने तिची एक-दोन वर्षं वाढतील, सडलेला पत्रा परत येणार नाही.

ऑन्टॅरिओतल्या वॉटर्लू, विंडसर किंवा ब्रॅम्प्टनला शिकायला आलेली मुलं पहिल्या काही महिन्यांत तीन-चार हजार डॉलरची जुनी गाडी घेतात आणि इंजिनाचा आवाज, एसी, ब्लूटूथ तपासतात. त्यांच्यासाठी एवढंच: गाडी घेण्यापूर्वी शंभर-दीडशे डॉलर देऊन आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे ती लिफ्टवर चढवा, विकणाऱ्याच्या मेकॅनिककडे नाही. स्वतः खाली उभे राहा. दारांखालच्या पेटीला लोहचुंबक लावून पाहा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नसून लांबी आहे. जॅक लावायची कड, मागच्या चाकांजवळच्या चौकटीची बेचकी आणि ब्रेकचे पाईप दाखवायला सांगा. चौकटीवर नुसता तांबूस रंग असेल तर चालेल, इथल्या प्रत्येक गाडीवर तो असतो. पदर सुटलेले असतील, हातोडीने ठोकल्यावर खणखण न वाजता भद्द आवाज येत असेल, तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी ती गाडी घेऊ नका.